‘ही कोणाची बायको?’ : पाच जोडप्यांचा एक चित्रपट का फसतो

मागच्या हिवाळ्यात इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या पुतणीचे डोहाळेजेवण झाले. हिरवी माहेश्वरी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, ओटी, आणि शेवटी एकीत पेढा व दुसरीत बर्फी दडवलेल्या दोन झाकलेल्या वाट्या, असे सगळे यथासांग पार पडले. पाहुणे पांगल्यावर घरची आठ-दहा माणसे उरली आणि प्रसंगाला साजेसे काहीतरी पाहावे म्हणून तरुण मंडळींनी २०१२ सालचा ‘व्हॉट टू एक्स्पेक्ट व्हेन यू आर एक्स्पेक्टिंग’ हा अमेरिकी चित्रपट लावला. पाऊण तासात आत्याने चार वेळा विचारले, “अरे, ही कोणाची बायको?” पहिल्या दोन वेळा सगळे हसले. तिसऱ्या वेळी उत्तर द्यायला जो पुढे सरसावला त्याचेच उत्तर चुकले, आणि चौथ्या वेळी कोणीच काही बोलले नाही.

आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर आहे, पण दोष वयाचा नव्हता. सानंद न्यासाच्या नाट्यप्रयोगांना ती वर्षानुवर्षे जात आली आहे आणि तीन दारे, दोन नवरे व एक हरवलेले पाकीट असलेले फार्स तिने कधीही गोंधळ न होऊ देता पाहिले आहेत. गुंतागुंत तिला कळते. या चित्रपटात तिला न कळण्याजोगी गुंतागुंत नव्हती, उलट ती जवळजवळ नव्हतीच, आणि म्हणूनच चेहरे लक्षात राहत नव्हते. अनेक जोडप्यांची रोमँटिक कॉमेडी नावाचा हा प्रकार कसा रचला जातो आणि तो बहुधा कोठे फसतो, हे समजून घ्यायचे असेल तर तिच्या त्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

आधी चित्रपटाची थोडक्यात ओळख. दिग्दर्शक कर्क जोन्स, घटनास्थळ मुख्यतः अटलांटा शहर, लांबी सुमारे ११० मिनिटे. वजन घटवण्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची प्रशिक्षिका (कॅमेरॉन डियाझ) आणि तिचा नर्तक जोडीदार (मॅथ्यू मॉरिसन) हे पहिले जोडपे. स्तनपानाच्या वस्तूंचे दुकान चालवणारी आणि गरोदरपणाची थोरवी गाणारी वेंडी (एलिझाबेथ बँक्स) आणि तिचा दंतवैद्य नवरा गॅरी (बेन फाल्कोन) हे दुसरे. गॅरीचे वडील, म्हणजे मोटारशर्यतींतला नावाजलेला चालक (डेनिस क्वेड), आणि त्यांची वयाने मुलापेक्षाही लहान शोभेल अशी दुसरी बायको (ब्रुकलिन डेकर) हे तिसरे, आणि त्यांना जुळी होणार आहेत. छायाचित्रकार होली (जेनिफर लोपेझ) आणि तिचा नवरा (रॉड्रिगो सांतोरो) इथिओपियातून मूल दत्तक घेण्याच्या तयारीत आहेत, हे चौथे. आणि फिरत्या खाद्यगाड्यांवर एकमेकांशी स्पर्धा करणारे, शाळेपासून ओळख असलेले दोन तरुण, रोझी आणि मार्को (अ‍ॅना केंड्रिक आणि चेस क्रॉफर्ड), एका रात्रीच्या जवळिकीनंतर अनपेक्षितपणे आईबाप होण्याच्या उंबरठ्यावर येतात, हे पाचवे. याखेरीज लहान मुलांना गाड्यांत घालून बागेतून फिरणाऱ्या बाबांची एक टोळी आहे, जिचा म्होरक्या ख्रिस रॉक आहे.

या सगळ्याचा मूळ आधार एक पुस्तक आहे, आणि गमतीचा भाग असा की त्या पुस्तकात गोष्टच नाही. हायडी मर्कॉफ यांनी सहलेखिकांसह लिहिलेले हे मार्गदर्शक १९८४ साली प्रथम निघाले. गरोदरपणाच्या प्रत्येक महिन्यात काय होते, काय खावे, कशाची काळजी करावी आणि कशाची करू नये, हे त्यात महिन्यावार सांगितले आहे. अमेरिकेतल्या असंख्य घरांत ते पोचले आहे. म्हणजे निर्मात्यांनी विकत घेतले ते कथानक नव्हे, तर घराघरांत ओळखीचे झालेले शीर्षक. आपल्याकडे कोणी ‘घरगुती औषधांचा बटवा’ अशा धर्तीच्या पुस्तकाचे हक्क घेऊन त्यावर कौटुंबिक चित्रपट काढावा, तसाच हा व्यवहार. २००९ साली अमेरिकेत प्रेमसंबंधांविषयीच्या एका सल्लापुस्तकावरून अनेक जोडप्यांचा चित्रपट निघाला होता आणि तो बऱ्यापैकी चालला होता, त्यामुळे ही वाट अगदी अनोळखी नव्हती. सल्ल्याच्या पुस्तकात प्रकरणे असतात, प्रकरणे म्हणजे वेगवेगळ्या माणसांचे वेगवेगळे प्रश्न, तेव्हा एका प्रकरणाला एक जोडपे लावले की पटकथेचा आराखडा तयार होतो. आराखडा तयार होतो एवढेच. त्यातून गोष्ट निघेलच असे नाही.

मग असे चित्रपट काढतात कशाला? यामागचे गणित सरळ आहे. एकट्या नायिकेच्या खांद्यावर चित्रपट टाकायचा तर तिला अनेक आठवडे बांधून घ्यावे लागते आणि ती चालली नाही तर सगळेच बुडते. पाच जोडप्यांत दहा ओळखीचे चेहरे वाटून टाकले की प्रत्येकाला थोडेच दिवस बोलवावे लागते, जाहिरातीच्या फलकावर मात्र सगळे चेहरे एकदम झळकतात, आणि प्रत्येक चेहऱ्याचा चाहता तिकीट काढील अशी आशा धरता येते. या प्रकाराला नुकतेच यशही लाभले होते: २००३ साली लंडनमधल्या नाताळाभोवती गुंफलेल्या इंग्रजी चित्रपटाने तो लोकप्रिय केला, २०१० साली व्हॅलेंटाइन दिनावरच्या आणि २०११ साली वर्षअखेरच्या रात्रीवरच्या चित्रपटांनी त्याचा साचा पाडला. हिंदीत २००७ सालच्या ‘सलाम-ए-इश्क’ने सहा जोडप्यांना घेऊन साडेतीन तासांहून लांब प्रयत्न केला होता, आणि तो पाहिलेल्यांना त्याची लांबी आजही आठवते. २०१२च्या या चित्रपटाचा खर्च सुमारे ४ कोटी डॉलर होता आणि जगभरातली तिकीटविक्री सुमारे ८.४ कोटी डॉलर झाली. वरवर पाहता दुप्पट, परंतु तिकिटाच्या रकमेतला साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो, त्यामुळे याला घवघवीत यश म्हणता येत नाही. अमेरिकेत तो १८ मे रोजी आला, तेव्हा दोनच आठवड्यांपूर्वी आलेल्या ‘द अव्हेंजर्स’ने पडदे व्यापलेले होते, हेही खरे. समीक्षकांनी मात्र त्याला नाकारले ते महानायकांच्या गर्दीमुळे नव्हे.

आता आत्याच्या प्रश्नाकडे वळू. ११० मिनिटांतून आरंभीची आणि अखेरची नामावली वजा केली, बाबांच्या टोळीला तिचा वाटा दिला, की प्रत्येक जोडप्याच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे येतात. इंदूरच्या मराठी मंडळींना एकांकिका नवी नाही. एकांकिकेला तीस-चाळीस मिनिटे मिळतात, तीही सलग, आणि तरी लेखक एका घरातला एकच प्रश्न हाताशी धरतो, कारण प्रेक्षकाला माणूस ओळखायला, त्याच्याविषयी काही वाटायला आणि त्या वाटण्याला धक्का बसायला तेवढा वेळ लागतोच. येथे एकांकिकेच्या निम्मा वेळ, तोही दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत. एखादे जोडपे पडद्यावरून गेल्यावर पुन्हा दहा मिनिटांनी परतते, तेव्हा लेखकाला त्यातला काही भाग ‘हे तेच बरे का’ एवढे सांगण्यात घालवावा लागतो. मग सोपा उपाय म्हणून पात्रांना स्वभावाऐवजी धंदा दिला जातो: ही व्यायामवाली, ही दुकानवाली, तो शर्यतवाला. धंद्याने माणूस ओळखू येतो खरा, पण आत्याला धंदा विचारायचा नव्हता. कोण कोणाचे कोण, हे तिला विचारायचे होते, आणि दोन माणसांतले नाते वीस मिनिटांत धंद्याच्या पाटीवरून कळत नाही.

याहून खोल अडचण रोमँटिक कॉमेडीच्या घडणीतच आहे. या प्रकाराचे इंजिन एकाच प्रश्नावर चालते: ही दोघे एकत्र येणार का? ती भेटतात, खटके उडतात, जवळ येतात, गैरसमजाने दुरावतात आणि शेवटी कोणीतरी धावत जाऊन चूक कबूल करतो. ती एकत्र येणार हे प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत ठाऊक असते, तरी कशी येणार याची उत्सुकता दोन तास पुरते. आता मूल होऊ घातलेले जोडपे घ्या. ते आधीच एकत्र आलेले आहे. जेथे नेहमीची रोमँटिक कॉमेडी संपते त्याच्या पुढच्या प्रकरणापासून हा चित्रपट सुरू होतो, आणि मग इंजिनात घालायला इंधनच उरत नाही, म्हणून लेखकांना भांडणे बाहेरून आणावी लागतात. व्यायामवाली आणि नर्तक यांच्यातला मोठा वाद बाळ मुलगा झाला तर त्याची सुंता करायची की नाही यावर आहे. चित्रपटभर तो वाद चालतो आणि शेवटी मुलगी होते. हा विनोद म्हणून एकदा हसवतो, पण वीसपैकी दहा मिनिटे ज्या प्रश्नात घातली तो प्रश्न उत्तराशिवाय रद्द झाला, आणि त्या दोघांविषयी आपल्याला नवे काही कळले नाही, हे घरी परतताना लक्षात येते. दत्तकाच्या धाग्यात नवऱ्याची धास्ती खरी वाटते, कारण ती कुठल्याही बापाला वाटू शकते. परंतु तिचे निरसन बाबांच्या टोळीबरोबरच्या फेरफटक्यांवर सोपवले आहे आणि बायकोशी त्याचे जे बोलणे व्हायला हवे होते ते फार थोडे होते.

गरोदरपण हे कथेला आयतेच लाभलेले घड्याळ आहे, असे निर्मात्यांना वाटले असावे, आणि वाटणे स्वाभाविक आहे. नऊ महिने, ठरलेली अखेर, वाढत जाणारी घाई. पण घड्याळाने ताण निर्माण होतो तो अखेर अनिश्चित असेल तेव्हा. आमच्या डोहाळेजेवणातल्या दोन वाट्यांचाच विचार करा. आपल्याकडे १९९४च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, त्यामुळे पेढा की बर्फी हे तेथे बसलेल्या कोणालाही, अगदी डॉक्टरीणबाई पाहुण्या म्हणून आल्या असल्या तरी, ठाऊक नसते. वाटी उचलताना सगळ्या बायका पुढे झुकतात. विनोद अगदी जुना आणि सगळ्यांना पाठ असलेला असूनही दर वेळी चालतो, कारण उत्तर खरोखर झाकलेले असते. विनोदी चित्रपटात मात्र बाळे सुखरूप जन्मणार हे पोस्टरवरच लिहिलेले असते. पाच जोडप्यांना एकच घड्याळ बांधले की पाच ताण होत नाहीत. पाच ठिकाणी एकच ठोका पडतो. सोनोग्राफी एकीची झाली की दुसरीची, ओकाऱ्या एकीच्या झाल्या की दुसरीच्या, खरेदी पाचांची. पुस्तकाची महिन्यावार मांडणी येथे आपला हिशेब चुकता करून घेते.

तरीही अनेक जोडप्यांची कथा अशक्य असते असे नाही. महेश्वर इंदुरापासून फार दूर नाही, आणि तेथल्या मागावर जो बसला असेल त्याला ठाऊक असते की उभे रेशमी धागे कितीही सुंदर असले तरी ते नुसते शेजारी शेजारी ताणलेले असतात. कापड होते ते त्यांच्यामधून आडवा सुती बाणा वर-खाली जाऊ लागतो तेव्हा. अनेकपदरी कथेतला हा आडवा धागा तीन-चार प्रकारचा असू शकतो. सर्वांत जुना म्हणजे एकच जागा: १९३२ सालच्या ‘ग्रँड हॉटेल’ने एका हॉटेलात उतरलेल्या माणसांची आयुष्ये एकमेकांना भिडवली आणि त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले. दुसरा म्हणजे कार्यकारण, एकाच्या करणीचे फळ दुसऱ्याने भोगणे. विनोदात सर्वांत बळकट ठरतो तो तिसरा, आणि तो म्हणजे गुपित. कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही, यावर विनोदी नाटकाचे अर्धे यश अवलंबून असते.

मराठी प्रेक्षकाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’तही तरुण चार आहेत, त्यांच्या जोड्याही चार जमतात, म्हणजे गर्दी येथल्यापेक्षा फारशी कमी नाही, तरी आजवर कोणी “ही कोणाची बायको?” असे गोंधळून विचारल्याचे ऐकिवात नाही, किंबहुना हाच प्रश्न तेथे विनोदाचे बीज आहे. घरमालकीण फक्त विवाहितांना जागा देते, म्हणून चौघांपैकी दोघांना साड्या नेसून बायका व्हावे लागते, आणि त्या एका खोटेपणाला चारही जोड्या बांधल्या जातात. एकाची प्रेयसी घरी आली की दुसऱ्याची साडी सुटण्याची वेळ येते. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या खोट्या पार्वतीचे डोहाळेजेवण होते तेव्हा मूल येणारच नाही हे आपल्याला ठाऊक असते, घरमालकिणीला नसते, आणि गाणे चालू असताना प्रत्येक पात्राच्या चेहऱ्यावर वेगळी भीती असते. एकाच प्रसंगात सगळे धागे एकदम ताणले जातात. तिकडे अटलांटात पाच घरांत खरी मुले येऊ घातली आहेत, पण कोणी कोणापासून काही लपवलेले नाही, एकाच्या घरात काय घडले याची दुसऱ्याच्या घरात झळ पोचत नाही. गॅरी हा पूर्वी त्या व्यायामवालीच्या कार्यक्रमात स्पर्धक होता असा एक दुवा दिलेला आहे. पण ती ओळख आहे, आणि ओळख काढून घेतली तरी कथेचे काही बिघडत नाही. (आमच्या इंदुरी मराठी समाजात तर कोणीही दोन अनोळखी माणसे तीन मिनिटांत आपसातले नाते शोधून काढतात. तेवढ्यावर नाटक होत नाही.)

एके ठिकाणी मात्र आडवा धागा खरोखर पडला आहे, आणि तेथे चित्रपट जिवंत होतो. बाप आणि मुलगा एकाच वेळी बाप होणार आहेत. आयुष्यभर वडिलांशी स्पर्धेत हरत आलेल्या गॅरीला हा एकच सामना आपला वाटला होता, तोही वडील जुळी जाहीर करून हिसकावून घेतात. त्याहून मजेदार सामना दोघींचा आहे. वेंडीने वर्षानुवर्षे इतर बायकांना गरोदरपणाचे तेज समजावून सांगितले, आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला सूज, ओकाऱ्या, घाम आणि चिडचिड आली; तिची तरुण सासू मात्र जुळी पोटात घेऊन उंच टाचांच्या चपलांवर हसत वावरते. दोघी एकाच जेवणाच्या टेबलाशी असतात तेव्हा कोणाला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. वेंडी भर मेळाव्यात तयार भाषण बाजूला ठेवून जे खरे वाटते ते बोलून टाकते, तो चित्रपटातला सर्वांत चांगला विनोदी प्रसंग आहे, कारण त्यामागे तिच्या दाव्याचा आणि तिच्या शरीराचा झगडा उभा असतो. आमच्याकडे बसलेल्या तीन आयांनी त्या वेळी एकदम टाळ्या वाजवल्या. पुतणी मात्र जरा गंभीर झाली. फक्त या दोन जोडप्यांवर, म्हणजे एका घरातल्या सुनेवर आणि तिच्याहून लहान सासूवर, सबंध चित्रपट काढला असता तर तो बहुधा चांगला झाला असता.

आणि रोझी व मार्को यांचे काय? चित्रपटातले सर्वांत मोठे नुकसान या दोघांच्या बाबतीत झाले आहे. पाचांपैकी हेच एक जोडपे असे आहे की ज्याच्या बाबतीत ‘ही दोघे एकत्र येणार का’ हा प्रश्न खरा आहे, म्हणजे रोमँटिक कॉमेडीचे इंजिन फक्त यांच्याच गाडीत बसवलेले आहे. दोघांच्या खाद्यगाड्या, त्यांच्यातली जुनी चढाओढ, अपुऱ्या ओळखीत आलेली मोठी बातमी, तिच्याशी जुळवून घेण्याची अवघडलेली धडपड, हे सगळे थोडक्यात पण नेमके येते. मग रोझीचा गर्भपात होतो. चित्रपट क्षणभर शांत होतो. केंड्रिक त्या दृश्यांत फार कमी बोलते आणि पुष्कळ सांगते. पण पुढच्याच मिनिटाला चित्रपटाला दुसरीकडे जायचे असते, कारण घड्याळ उरलेल्या चौघांचे चालू आहे आणि या दोघांकडे आता घड्याळच नाही. बाळाची वाट पाहण्यावरच्या चित्रपटाला वाट पाहणे संपलेल्या दोघांचे काय करावे ते सुचत नाही. दुःख झालेल्या माणसाकडे प्रेक्षकाने थोडा वेळ तरी बसावे लागते. येथे समाचाराला येऊन उंबऱ्यावरूनच परत फिरल्यासारखे होते. अखेरीस ती दोघे पुन्हा जवळ येतात, परंतु ज्या काळात ती एकमेकांपासून दूर गेली आणि परतली तो काळ आपल्याला पाहायला मिळत नाही.

शेवटाकडे हीच अडचण वेगळ्या रूपात येते. बाळंतपणे एकदम घडतात आणि कॅमेरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावतो. तरुण सासू एका शिंकेसरशी मोकळी होते. वेंडीचे मात्र शस्त्रक्रियेने बाळंतपण होऊन रक्तस्राव थांबत नाही आणि काही क्षण तिच्या जिवाची काळजी वाटावी अशी परिस्थिती येते. वेगवेगळ्या प्रसंगांची दृश्ये आलटून पालटून दाखवण्याची ही पद्धत ताण वाढवायला शोधलेली आहे, आणि पाठलागाच्या प्रसंगात ती वाढवतेही, कारण तेथे दोन्ही बाजू एकाच घटनेच्या असतात. येथे एका खोलीतली भीती दुसऱ्या खोलीतल्या विनोदाने पुसली जाते आणि विनोदावर भीतीची सावली पडून तोही धड हसवत नाही. होलीच्या धाग्याला इथिओपियातला बाळ स्वीकारण्याचा समारंभ मिळाला आहे, तो सुंदर चित्रित केलेला आहे, पण तिच्या नवऱ्याची धास्ती कधी संपली याचे दृश्य आपण शोधतच राहतो.

आमच्याकडे तोवर दोघे-तिघे पेंगले होते आणि आत्या स्वयंपाकघरात सकाळच्या पोह्यांची तयारी पाहायला गेली होती. नामावली सरकू लागली तेव्हा ती ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली आणि तिने पाचवा प्रश्न विचारला. या वेळी बायको कोणाची हे तिला विचारायचे नव्हते. “ती गाडीवर जेवण विकणारी पोरगी,” ती म्हणाली, “तिच्याजवळ मग कोणी होतं की नाही?” पुतणीने टीव्ही बंद केला आणि तिला शेवट सांगायला ती आत गेली.